वयाचा रकाना आहे, ताकदीचा नाही : रुग्णालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक, अतिदक्षता विभागांचे प्रमुख आणि विषाणूजन्य आजारांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं लिहिणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

महोदय, महोदया,

फ्लू, कोविड किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांनी आजारी पडलेलं वयस्कर माणूस आपल्या रुग्णालयात येतं तेव्हा प्रवेशाच्या कागदावर नाव, वय, ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि जुने आजार लिहिले जातात. आजारी पडण्याआधी ते माणूस आपल्या पायांनी कुठवर जात होतं, हे बहुतेक कागदांवर लिहिलेलं नसतं. हा रकाना किती मोलाचा आहे ते कोविडच्या साथीने जगभर दाखवून दिलं होतं. साथ ओसरली, तात्पुरते वॉर्ड उठले आणि कागद पुन्हा पहिल्यासारखा झाला. कोणाला अतिदक्षता विभागात घ्यायचं याचे निकष लिहितानाही अजून वयाचीच रेघ ओढली जाते. हे आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही ज्येष्ठांच्या वॉर्डात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. आपण ठरवलेले निकष आमच्या हातून अमलात येतात. निकष चुकला की तो रुग्णाला भोवतो, आणि त्याच्या नातेवाइकांना उत्तर आम्हाला द्यावं लागतं. पत्र आपल्याला आहे, पण ज्यांच्या घरात थकलेलं माणूस आहे त्यांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहीत आहोत.

घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी आपण सहज म्हणतो, ‘हल्ली फार थकलेत.’ वय किती, आजार कोणते, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं, तरी ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, बाहेर पडणं कमी झालंय, कपडे ढिले झालेत, थोडं बोललं तरी दमायला होतं. वैद्यकशास्त्र याला फ्रेल्टी म्हणतं. स्नायू, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू, प्रतिकारशक्ती या सगळ्यांची शिल्लक हळूहळू संपत आलेली असते. रोजचं कसंबसं भागतं. पण चार दिवसांचा ताप आला की सावरायला गाठीशी काही उरलेलं नसतं, आणि ज्या आजारातून इतर लोक आठवड्याभरात उठतात त्यातून हे माणूस अंथरुणाला खिळतं.

हे मोजता येतं. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली पडणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा असल्या तर माणूस फ्रेल. एक-दोन असल्या तर त्या वाटेवर. पुढे २००५ मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे केनेथ रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल आणली. आज तिच्यात नऊ पायऱ्या आहेत : एक म्हणजे धडधाकट, आणि अंक जितका मोठा तितकी शिल्लक कमी. तिला यंत्र लागत नाही, रक्ततपासणी लागत नाही. शिकलेल्या परिचारिकेला काही मिनिटं पुरतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १० आणि इटलीतल्या एका रुग्णालयातल्या १,५६४ कोविड रुग्णांवर ‘कोप’ नावाचा अभ्यास झाला. रुग्णाचं पुढे काय होणार, हे वय आणि जुने आजार यांच्यापेक्षा फ्रेल्टीवरून जास्त चांगलं कळतं, असं त्यात दिसलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन जिने चढणारं माणूस आणि अडुसष्टाव्या वर्षी आंघोळीला मदत लागणारं माणूस, यांतलं कोण जास्त धोक्यात आहे हे वयाच्या रकान्यावरून कळणार नाही.

अशा शरीरात विषाणू शिरतो तेव्हा नेमकं काय बिघडतं, तेही सांगायला हवं. पुढच्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघतात. छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत गेलेली असते, त्यामुळे अनोळखी विषाणूला ओळखू शकतील अशा नव्या टी पेशी थोड्याच उरतात. विषाणूविरुद्धचा पहिला इशारा इंटरफेरॉन देतो, तो उशिरा आणि कमजोर मिळतो. सत्तरीपुढच्या साधारण ४ टक्के लोकांत तर इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडं रक्तात आधीपासून असतात. दुसरीकडे अंगात बारीक दाह कायम धुमसत असतो, तो संसर्ग झाला की भडकतो. छातीचा पिंजरा ताठर आणि खोकला दुबळा, म्हणून कफ वर येत नाही. आणि आजारात शरीराला लागणारी प्रथिनं जिथून काढायची ते स्नायूच आटलेले असतात. स्नायूंकडे बहुतेक जण फक्त बळ म्हणून बघतात. आजारपणात ते धान्याच्या कोठारासारखे असतात, आणि फ्रेल माणसाचं कोठार आधीच रिकामं झालेलं असतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की जिथे फ्रेल्टीचा अंक लिहिला जातो तिथेही तो चुकीच्या दिवसाचा लिहिला जातो. हा अंक आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता, याचा असतो. प्रत्यक्षात तो स्ट्रेचरवर बघून ठरतो. ताप, कोरडे ओठ, ग्लानी, बोलणं अस्पष्ट, दोघांनी धरल्याशिवाय बसता येत नाही : लिहा सात. त्याच माणसाने पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून सामान आणलं असेल आणि स्वतःचे हिशेब स्वतः केले असतील, तर त्याचा खरा अंक तीन आहे. तीनच्या जागी सात पडला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो सातच वाचतो. अतिदक्षता विभागाला फोन जातो तेव्हा वय आणि तो अंक एवढंच सांगितलं जातं, आणि तिकडून नकार येतो.

नातेवाइकांना विचारण्याची पद्धतही सदोष आहे. ‘आधी कसे होते?’ असं विचारलं की ‘बरे होते’ एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते कामाबद्दल : गेल्या महिन्यात आंघोळ स्वतः करत होते का? कोणी पाणी काढून द्यायचं, जवळ उभं राहायचं का? जिना चढत होते का? गोळ्या आपल्या आपण घेत होते, की कोणी हातात द्यायचं? पैशांचे व्यवहार कोण बघायचं? बाहेर एकटे जायचे का? जड कामं, पैसे, औषधं यांना मदत लागत असेल पण आंघोळ स्वतः होत असेल, तर पाच. आंघोळीला आणि जिन्याला मदत लागली तर सहा. स्वतःच्या शरीराची सगळीच निगा दुसऱ्यावर असेल तर सात. पाच आणि सहा यांमधला निवाडा पुष्कळदा आंघोळीच्या एका प्रश्नावर होतो, आणि तोच प्रश्न घाईत राहून जातो.

ही मोजणी कोणाला लावायची नाही, हेही आपल्या कागदांवर असत नाही. ६५ वर्षांखालच्या लोकांना ती लावायची नाही. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम अशी जन्मापासूनची किंवा दीर्घकाळ स्थिर असलेली अवस्था असेल तर लावायची नाही. चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाला मदत लागते ती त्याच्या अपंगत्वामुळे. त्याच्या शरीराची शिल्लक संपली आहे असा तिचा अर्थ होत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २० मार्च २०२० रोजी कोविडच्या अतिदक्षता उपचारांची तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात ही मर्यादा स्पष्ट नव्हती. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २५ मार्चला दुरुस्ती आली. पाच दिवसांत चूक सुधारता येते, हे त्यातून दिसतं. आपल्या निकषांत ती दुरुस्ती आहे का, ते कृपया आजच उघडून बघा.

आणि अंक म्हणजे निकाल नव्हे. सहा आला म्हणजे सगळं थांबवा, असा त्याचा अर्थ आम्ही कधीच घेतला नाही. रुग्णाशी आणि घरच्यांशी आजच बोला, त्याला काय हवंय आणि काय नकोय ते लिहून घ्या, गिळणं तपासा, चालणं सुरू ठेवा, औषधांची यादी छाटा, हा त्याचा अर्थ. व्हेंटिलेटर सोसणार नाही अशा रुग्णालाही नाकातून जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन देता येतो, विषाणूविरोधी औषध देता येतं, श्वासाची तगमग कमी करता येते. शंका असेल तिथे अतिदक्षतेत ठरावीक दिवसांची मुदत घालून उपचार करता येतात : अमुक दिवशी बघू, सुधारणा असेल तर पुढे, नसेल तर मागे, आणि हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं. ६ मार्च २०२० रोजी इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता प्रवेशाला वयाची मर्यादा घालावी लागू शकेल, असं लिहिलं. खाटा संपत असताना ते लिहिलं गेलं होतं, त्यांची अडचण आम्हाला कळते. खाटा असतानाही तीच रेघ वापरणं हे मात्र आम्हाला कळत नाही.

दुसरी तक्रार : आजार ओळखलाच जात नाही. आपल्या तपासणीच्या वाटेवर ताप, खोकला, धाप ही तीन दारं आहेत. फ्रेल माणूस पुष्कळदा यातल्या एकाही दारातून येत नाही. ते पडतं. जेवण सोडतं. रात्री उठून भलतंच बोलायला लागतं, किंवा काहीच बोलत नाही. ‘अशक्तपणा’ एवढं लिहून त्याला साध्या वॉर्डात ठेवलं जातं, चाचणी तिसऱ्या दिवशी होते, आणि तोवर शेजारच्या खाटाही बाधित झालेल्या असतात. फ्रेल माणसाचा ताप मोजण्याची रीतसुद्धा वेगळी असायला हवी. तोंडातलं तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सियस, म्हणजे १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा पुन्हा पुन्हा ३७.२ च्या वर राहिलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने चढलं, तर तो ताप धरावा. ज्याचं रोजचं तापमान ३६.२ आहे त्याला ३७.३ हाच ताप. तक्त्यावर मात्र तिथे ‘ताप नाही’ अशी खूण होते. नाडीवरही विसंबता येत नाही, कारण बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची नाडी संसर्गातही फारशी वाढत नाही.

डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, हे फ्रेल मेंदूचं धोक्याचं लक्षण. अमेरिकेत २०२० मध्ये कोविड झालेले ६५ वर्षांपुढचे ८१७ रुग्ण तातडीच्या विभागांत पाहिले गेले. त्यांतल्या २८ टक्क्यांना येतानाच भ्रम होता, आणि भ्रम असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखी नेहमीची लक्षणं नव्हतीच. आरडाओरडा करणारा, नळ्या ओढणारा रुग्ण कोणाच्याही नजरेत भरतो. निपचित पडणारा भ्रम मात्र सुटून जातो. रात्रीच्या नोंदीत त्याच्यासमोर ‘शांत झोपले आहेत’ असं लिहिलेलं असतं, आणि सकाळी हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतात. ‘फोर-एटी’ ही चाचणी दोन मिनिटांची आहे : जागेपण बघायचं, वय, जन्मतारीख, हे ठिकाण कोणतं आणि साल कोणतं ते विचारायचं, वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगायचं, आणि अवस्थेत अचानक बदल झालाय का ते घरच्यांकडून जाणून घ्यायचं. चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियम धरून कारण शोधायचं. तब्येत ढासळतेय का ते गुणांनी दाखवणाऱ्या ब्रिटनच्या ‘न्यूज-टू’ तक्त्यात २०१७ पासून नव्याने आलेल्या गोंधळाला एकदम तीन गुण आहेत. आपल्या कागदावर त्याला शून्य गुण का असावेत? स्मृतिभ्रंश आधीच असेल तर ‘यांचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नये. ‘परवापेक्षा आज वेगळे वाटतात का?’ या प्रश्नाचं उत्तर रोज सोबत राहणारं माणूस पटकन देतं.

तिसरी तक्रार खाटेबद्दल आहे. यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण इथे होणारं नुकसान आपल्या कोणत्याच अहवालात येत नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं. ना ताप, ना संसर्ग, खाणंपिणं व्यवस्थित. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळपास १ किलो वस्तुमान घटलं, आणि त्यातला बराचसा भाग स्नायूंचा. आता हीच खाट फ्रेल आणि तापलेल्या माणसाला द्या, वर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्या, आणि ताट अर्धं परत पाठवा. संसर्ग आठव्या दिवशी आटोक्यात येतो. नवव्या दिवशी माणूस उभं राहायला जातं आणि पाय धरत नाहीत.

त्याला खाटेवर बांधून ठेवणाऱ्या वस्तू मोजा : लघवीची नळी, सलाइन, ऑक्सिजनची आखूड नळी, बोटावरचं ऑक्सिमीटर, वर केलेले कठडे. यांतल्या निम्म्या वस्तू केवळ सोयीसाठी राहून जातात. लघवीच्या नळीचं कारण रोज सकाळी विचारावं आणि कारण नसेल तर ती काढावी. तोंडाने औषध जात असेल तर सलाइनचं स्टँड दूर करावं. ऑक्सिजनची नळी खुर्चीपर्यंत पोहोचेल एवढी लांब द्यावी.

उठवण्याची रीत ठरलेली आहे. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवायचं. रक्तदाब बघायचा, वरचा आकडा २० ने किंवा जास्त घसरला तर थांबायचं, पाणी कमी पडलंय का आणि रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होतायत का ते बघायचं. मग आधार देऊन उभं करायचं, जागच्या जागी पावलं उचलायला लावायची, मग खुर्चीत बसवायचं. प्रत्येक जेवण खुर्चीत. दिवसातून तीनदा, जमेल तितक्या वेळा, खुर्चीतून उठबस. ऑक्सिजन ठरवलेल्या पातळीखाली आला तर बसवून श्वास घेऊ द्यायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. यासाठी प्रत्येक वेळी फिजिओथेरपिस्टच लागतो असं नाही. वॉर्डातल्या कोणालाही हे शिकवता येतं. पण पाळीत माणसंच अपुरी असतील तर ते कोणीच करणार नाही, आणि माणसं किती हे आपणच ठरवता.

जेवणाचं बघा. आजारी ज्येष्ठाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल आणि डायलिसिस नसेल, तर आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं.) ताट येतं, खाटेच्या पायथ्याशी असलेल्या टेबलावर ठेवलं जातं, तिथे हात पोहोचत नाही, कवळी डबीत असते, चष्मा पिशवीत असतो. अर्ध्या तासाने ताट उचललं जातं आणि तक्त्यावर लिहितात, ‘भूक नाही’. माणूस भुकेलं होतं. ताट हाताशी आणायचं, कवळी लावायची, सरळ बसवायचं, जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं, दिवसातून दोनदा दात आणि जीभ घासायची. खोकला दुबळा असताना तोंडातले जंतू श्वासनळीत उतरतात, आणि विषाणूच्या न्यूमोनियावर जिवाणूंचा न्यूमोनिया चढतो. ब्रश ही इथे अँटिबायोटिकइतकीच गंभीरपणे घेण्याची गोष्ट आहे.

चौथी तक्रार औषधांची. रक्तातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात त्याचा, आकडा ०.९ आला की प्रयोगशाळेचा कागद ‘नॉर्मल’ म्हणतो. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायूच नसतील तर मूत्रपिंड मंदावूनही आकडा चांगला दिसतो. उदाहरण म्हणून ८२ वर्षांची, ४२ किलोची स्त्री घ्या. मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने १४० मधून वय वजा केलं की ५८, गुणिले ४२, भागिले (७२ गुणिले ०.९), आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर. म्हणजे फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर तिला नेहमीच्या ७५ मिलिग्रॅमऐवजी ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा द्यायला हवं. हे गणित करायला वजन लागतं, आणि कित्येक रुग्णांचं वजन केलेलंच नसतं. ‘अंदाजे ५५’ असं लिहिलेलं असतं.

विषाणूविरोधी औषधाला वेळही पाळावी लागते. ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं, म्हणून अहवालाची वाट न बघता सुरू करायचं. दाखल झालेल्या रुग्णाला उशीर झाला तरी द्यायचं. कोविडमध्ये निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर लक्षणांपासून पाच दिवसांत सुरू व्हायला हवं, आणि त्याआधी चालू गोळ्यांची यादी समोर हवी, कारण सिमव्हास्टॅटिन, अमिओडॅरोन आणि रक्त पातळ करणारी काही औषधं त्याच्याबरोबर चालत नाहीत. डेक्सामेथासोनचा उपयोग कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्यांना झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना झाला नाही. तरी ते सरसकट लिहिलं जातं, साखर वाढते, झोप उडते, मांड्यांचे स्नायू झिजतात.

आणि ती सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेलं खोकल्याचं औषध फ्रेल माणसाला दिलं की तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. लघवी अडली म्हणून नळी घालतात. नळीमुळे खाट सुटत नाही, मूत्रमार्गात संसर्ग होतो, भ्रम होतो. भ्रमासाठी रात्री झोपेची गोळी देतात, सकाळी गिळताना ठसका लागतो. एका सिरपपासून न्यूमोनियापर्यंतची ही वाट वॉर्डात काम करणाऱ्या कोणालाही अनोळखी नाही. तिच्या पहिल्या पायरीवर अडवणारा औषधनिर्माता वॉर्डाच्या फेरीत हवा.

पाचवी तक्रार थोडक्यात. संसर्गाच्या नावाखाली सोबतीचं माणूस बाहेर ठेवलं जातं. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, श्रवणयंत्र घरी राहिलेलं असतं, खोलीला खिडकी नसते, आणि मग भ्रम वाढला म्हणून औषध वाढतं. मास्क आणि गाऊन घालून, हात धुऊन एका ठरावीक माणसाला जवळ राहू द्या. ते माणूस पाणी पाजतं, नावाने हाक मारतं, आणि बदल सर्वांच्या आधी ओळखतं. त्याच्याकडे आम्ही पाहुणा म्हणून बघत नाही.

लसीबद्दलही आपल्याकडून ढिलाई होते. फ्रेल शरीर लसीला कमी प्रतिसाद देतं, हे खरं. म्हणून लस देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. चांगली लस, वेळेवर, आणि भोवतीच्या सगळ्यांनाही, असा निघतो. ज्येष्ठांसाठीच्या जास्त मात्रेच्या फ्लू लशीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं ६० मायक्रोग्रॅम प्रतिजन (प्रतिकारशक्तीला जागं करणारा घटक) असतं, साध्या लशीत १५. आरएसव्हीवरच्या लशी २०२३ पासून आहेत. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सहापट आढळलं. म्हणजे फ्लूची लस छातीइतकीच हृदयासाठीही आहे. तरी घरी पाठवताना लशींची नोंद कोणी बघत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा हिशेब रुग्णांना कळत नाही.

घरी पाठवण्याचा क्षण हीच शेवटची तक्रार. ताप उतरला, ऑक्सिजन लागत नाही, खाट मोकळी करा. सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी किमान ३० टक्के लोक रुग्णालयातून घरी जाताना आंघोळ, कपडे, चालणं यांतली आधी जमणारी एखादी तरी गोष्ट गमावून जातात, हे २०११ पासून छापील आहे. ज्या आजारासाठी दाखल केलं तो बरा झाल्यामुळे आपल्या नोंदीत ते ‘बरे होऊन घरी’ असतात. जाण्याआधी चार मीटर चालवून बघा. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल धोक्याच्या पातळीला आहे. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १५ सेकंदांहून जास्त लागले, किंवा जमलंच नाही, तर पायांत जोर नाही. हे दोन आकडे घरी जाण्याच्या कागदावर असले, तर पुढच्या डॉक्टरला कळेल की व्यायाम आणि आहार हे इथलं मुख्य औषध आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. ६५ वर्षांपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या प्रवेशाच्या कागदावर ‘दोन आठवड्यांपूर्वीचा फ्रेल्टी अंक’ हा रकाना छापावा. माहिती कोणी दिली ते शेजारी लिहावं. हा अंक कोणाला लावायचा नाही, ते त्याच ओळीखाली छापावं.

दोन. अतिदक्षता प्रवेशाच्या निकषांतून नुसत्या वयाची रेघ काढावी. नकार दिला तर कारण, नकार देणाऱ्याचं पद आणि रुग्णाशी किंवा घरच्यांशी झालेलं बोलणं यांची लेखी नोंद ठेवावी. फक्त अंकावरून किंवा फक्त वयावरून दिलेला नकार ग्राह्य धरू नये.

तीन. अचानक आलेला भ्रम, पडणं आणि जेवण सोडणं यांना श्वसनविषाणूच्या चाचणीची लक्षणं मानावं, आणि चाचणी त्याच दिवशी व्हावी.

चार. वजन पहिल्या दिवशी करावं. उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा किंवा उचलण्याचा काटा विकत घ्यावा.

पाच. प्रत्येक पाळीत उठवण्यासाठी आणि जेवण भरवण्यासाठी नेमलेली माणसं असावीत. ती दुसऱ्या कामाला ओढली जाऊ नयेत. इतर मागण्यांना फार खर्च नाही. हिला आहे, आणि तरीही ती आम्ही मागे घेणार नाही.

सहा. भ्रम, नवे बेडसोअर, लघवीच्या नळीचे दिवस आणि घरी जाताना गमावलेली कामं यांचे आकडे दर तिमाहीला आपल्या मृत्युदराशेजारी जाहीर करावेत.

सात. सोबतीच्या एका माणसाचा हक्क साथीच्या काळातही लेखी स्वरूपात राहावा.

कागदाचा नमुना, अंक लावायला शिकवण्याचे तास, वॉर्डात लावायचा तक्ता, हे सगळं तयार करून द्यायची आमची तयारी आहे. श्वसनविषाणूंचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी नवा कागद वॉर्डात पोहोचावा. कोणत्या तारखेला पोहोचेल, एवढं लेखी उत्तर आम्हाला हवं आहे.

आपले,
ज्येष्ठांच्या वॉर्डांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट